पंचविसावी उडी

...आणि वर मलाच म्हणतात कसे, "काका, प्रॉब्लेम असा आहे की तुमचं मोडत नाही!" ऐकलंत? मोडत नाही! आता ही काय तक्रार झाली? एकतीस वर्षं मी लेथ मशीनवर उभा आहे. एकतीस वर्षांत शिव्या खाल्ल्या त्या माप चुकलं म्हणून, माल उशिरा गेला म्हणून, एकदा तर ड्रॉइंगवर चहा सांडला म्हणून... पण मोडत नाही म्हणून? तुमच्याकडे प्लंबर आला, नळ बसवून गेला, आणि महिन्याभराने तुम्ही त्याला फोन करून झापलंत का कधी, की अरे मेल्या, अजून गळत कसा नाही? नाही ना? मग!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भडकलाय. म्हातारा नाहीये, छप्पन्न आहे. भडकलोय मात्र.

मी गुणाजी घाडी. राहायला दहिसरला, कामाला मरोळला. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याला आमचा गाळा. आमचा म्हणजे मालकाचा हो, पण मालक दिवसातून दोन तास यायचा आणि मी दहा, तेव्हा कोणाचा ते तुम्हीच ठरवा. पाण्याच्या पंपांचे पार्ट बनवायचो. मोठे साहेब होते तेव्हा नऊ माणसं होती. मोठे साहेब जॉब, म्हणजे तयार पार्ट, हातात घ्यायचे, कडेवरून नख फिरवायचे, नख अडकलं की एक शब्द न बोलता परत माझ्यासमोर ठेवायचे. बस्स. तेवढ्यावर मी शिकलो. ते गेले आणि गाळा आला त्यांच्या मुलाकडे, सुयोगसाहेबांकडे. हे मॅनेजमेंट शिकलेले. हे जॉब हातात घेत नाहीत, जॉबचा फोटो काढतात.

पंपवाले गेले वापीला. माणसं गेली जिथे काम मिळेल तिथे. नवाचे झालो दोन, मी आणि भीमराज. भीमराज इंगळे, मूळचा बुलडाण्याचा, पत्रा वाकवायच्या मशीनवर. बोलतो कमी आणि बोलतो ते लागतं. एक दिवस बघतो तर एक दलाल टेप घेऊन गाळा मोजतोय. मोजताना हातातला चहाचा कप त्याने ठेवला कुठे? माझ्या लेथवर! लेथवर कप! मी काही बोलणार तेवढ्यात सुयोगसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, सहा महिने बघतो. नवीन काही काम लागलं तर ठीक, नाहीतर गाळा कुरिअरवाल्यांना द्यावा लागेल." म्हणजे काय, कळलं ना? छप्पन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? आणि माझं सोडा, त्या लेथला कोण घेणार? भंगारवाला! झोप उडाली माझी.

आणि त्याच आठवड्यात सुयोगसाहेब खोका घेऊन आले. आतून काढला ट्रक. एवढा, मांजरीएवढा. चार टायर मात्र पावासारखे फुगलेले. मी म्हटलं, "वा! बाळासाठी आणलात?"

"माझा आहे."

मी ट्रककडे बघितलं. भीमराजनं साहेबांकडे बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"काका, खेळणं नाही हे, आरसी म्हणतात. रिमोटवर चालतो, ऑफ-रोड, दगडधोंड्यांवरून जातो." आणि दाखवायला म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि तुम्हाला सांगतो, तो ट्रक जो सुटला तो भीमराजच्या दोन पायांमधून, ऑइलच्या डब्याला वळसा घालून, थेट शटरवर! धाड! बघतो तर पुढचा बंपर दोन तुकडे. प्लॅस्टिक हो, नुसतं प्लॅस्टिक! साहेबांचा चेहरा असा पडला, असा पडला की मला एकदम त्यांचे वडील आठवले. म्हटलं, द्या इकडे.

कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा तुकडा पडला होता, चांगला, पूर्वी विमानवाल्यांच्या कामातून उरलेला. मी मापं घेतली, भीमराजनं वाकवला, मी भोकं मारली, कडा घासल्या, पुढे बंपर आणि खाली पोटाला एक प्लेट, दगड लागायला नको म्हणून. दुपारच्या डब्यापर्यंत तयार. साहेबांनी परत शटरवर घातला. धाड! शटरला पोचा आला. बंपर तसाच!

झालं. रविवारी साहेब तो ट्रक घेऊन गेले त्यांच्या मंडळात. होय, मंडळ आहे यांचं! बोरिवलीला एका मैदानात जमतात, चांगली अठरा माणसं, घोडे झालेले सगळे. एक मुलुंडच्या डेंटिस्ट श्वेता मॅडम, एक बँकेचा मॅनेजर, एक तर घाटकोपरचा साडीवाला. आणि बोलणं काय? "माझा आर्म तुटला," "माझा ॲक्सल गेला," अहो ऑर्थोपेडिकच्या बाहेरच्या बाकड्यावर बसल्यासारखं वाटतं! त्यांनी आमचा बंपर बघितला आणि अठराच्या अठरा म्हणाले, आम्हालाही पाहिजे.

सोमवारी सुयोगसाहेब पेढे घेऊन आले. "काका, गाळा वाचला! ह्यांचं सतत काहीतरी मोडतं, सतत नवीन लागतं. हे मंडळ आपलं, मग ठाण्याचं मंडळ, मग पुण्याचं. बाहेरून मागवतात हो हे लोक सगळं! आपण इथे देऊ!" मी आणि भीमराज तीन आठवडे मान वर न करता काम केलं. अठरा बंपर, अठरा प्लेटा. एकेकावरून मी नख फिरवलं. बायकोला म्हटलं, सुगंधा, रिटायर होईपर्यंत काळजी नाही.

मग? मग काय! पहिला महिना, फोन नाही. दुसरा महिना, फोन नाही. सुयोगसाहेब दर रविवारी जाऊन बघून यायचे, सोमवारी तोंड पाडून बसायचे. मी विचारायचो, "काही तक्रार?" "नाही काका, खूश आहेत सगळे." मग तोंड का असं? तेव्हा ते वाक्य बोलले, मघाशी सांगितलं ते. "काका, प्रॉब्लेम असा आहे की तुमचं मोडत नाही. आणि मोडत नाही म्हणून कोणी परत येत नाही. रिपीट ऑर्डर नाही. श्वेता मॅडमचा ट्रक परवा टेकडीवरून खाली पडला, चाकं चारी निघाली, मोटर जळली, बंपरला काही नाही! नवीन ट्रक घेतला त्यांनी, आणि जुनाच बंपर त्याला लावला!"

मी म्हटलं, "मग छान झालं की!"

"काय छान झालं? ठाण्यावाले म्हणतात, एक पाठवा, सहा महिने वापरून बघतो. काका, सहा महिने कुठे आहेत आपल्याकडे?"

मोडत नाही! आता ही काय तक्रार झाली, सांगा तुम्ही! आणि मग त्यांनी खिशातून एक बंपर काढला, बाहेरून मागवलेला, मोडलेला. "हे बघा. दीड महिन्यात मोडतं. लोक शिव्या देतात आणि परत हेच घेतात. असं करा." मी हातात घेऊन बघितला. ओतीव माल, आत हवेचे बुडबुडे, भोक वाकडं, कडेला अशी धार की बोट कापावं. म्हटलं साहेब, हे मला येत नाही. "येत नाही म्हणजे? याहून चांगलं येतं तर हे येणार नाही?" आता यांना काय सांगायचं? ज्याला गाता येतं त्याला बेसूर गा म्हणा, बघा जमतं का!

पण गाळा जातोय म्हटल्यावर प्रयत्न केला हो मी. खोटं नाही सांगत, प्रामाणिकपणे प्रयत्न केला वाईट करायचा. पत्रा पातळ घेतला, तर हात आपोआप कड दुमडून घेतो, मजबुतीला. कोपरा टोकदार ठेवायचा, म्हणजे तिथून तडा जाईल, असं सकाळी ठरवून उभा राहिलो, आणि दुपारी बघतो तर कानशीने मस्त गोल केलेला! कोणी केला? मीच! कधी केला? माहीत नाही! चष्मा काढून केलं, तरी भोक सरळ. भीमराज बाजूला बसून सगळं बघत होता. म्हणाला, "भाऊ, माझ्याकडून एवढे वर्षं चुकून वाईट काम होऊन राहिलं अन् गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन राहिलो. तुमच्याकडून मुद्दाम होईना. जगात न्याय नाही."

घरी सुगंधाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मानसुद्धा वर केली नाही. "त्येंका मोडणारा व्हया तर मोडणारा देवा. तुमचा काय जाता?" माझं काय जातं! अगं बाये, माझं तेवढंच तर आहे! पण ती म्हणते तेही खरं, लेथ जाण्यापेक्षा हे बरं. रात्रभर विचार केला. आणि सकाळी उठताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला वाईट करता येत नाही ना? ठीक. मग मोडणारं चांगलं करू! म्हणजे काय, की कुठे मोडायचं, कधी मोडायचं, ते आपण ठरवायचं. व्यवस्थित. मापात.

तुम्हाला सांगतो, त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात झकास. बंपरच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी एक बारीक खाच. केसाएवढी. किती खोल? तीच तर मजा! मी आणि भीमराज माळ्यावर चढायचो, ट्रकच्या वजनाचं लाकूड बंपरला बांधून खाली सोडायचो. धप्प. वर आण. धप्प. पहिला तिसऱ्याच धक्क्याला गेला. खाच कमी केली, तर दोनशे झाले तरी मोडेना, भीमराज चढून-उतरून अर्धा झाला. मग थोडी वाढवली, मग जरा कमी केली... शेवटी मिळालं! पंचवीस. पंचविसाव्या धक्क्याला कट्! परत केला. पंचवीस, कट्! तिसरा. पंचवीस, कट्! मी भीमराजला मिठी मारली. मोठे साहेब असते तर त्यांनी नख फिरवलं असतं आणि काही न बोलता खिशात ठेवला असता.

सुयोगसाहेब खूश. पण जुना मजबूत माल लोकांच्या ट्रकला आहे तोवर नवीन कोण घेणार? मग त्यांनी मॅनेजमेंट काढलं बाहेर. नवीन मॉडेल! वजनाला हलकं, लाल रंगात! जुनं द्या, नवं घ्या! आणि अठराच्या अठरा शहाण्यांनी माझे ते सोन्यासारखे बंपर आणून दिले हो, हसत हसत! ते सगळे गेले भंगारात. साहेब म्हणाले, बाजारात एकही राहता कामा नये. मी त्या दिवशी गाळ्यात गेलोच नाही, पोटात दुखतंय सांगितलं. दुखतच होतं.

आता हे अठरा लाल बंपर एकेक करून, आज हा, पुढच्या महिन्यात तो, असे मोडायचे, असा हिशेब होता. कोणी जास्त खेळतं, कोणी कमी, त्याप्रमाणे. पण आमचं नशीब! मंडळाने काय ठरवलं असेल? उड्यांची स्पर्धा! मनोरीला, बँकेच्या मॅनेजरच्या बंगल्यामागच्या मैदानात. नवीन बंपर त्याच दिवशी लावायचे, उद्घाटन म्हणून. साहेब म्हणाले, काका तुम्हीही चला, लोकांना भेटा. मार्व्याहून बोटीत बसलो, अठरा मोठी माणसं मांडीवर अठरा ट्रक घेऊन. समोर एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, ती तिच्या बाजूच्याला विचारते, "ह्यांना घरान काम नाय का रं?" मी समुद्राकडे बघितलं.

तर तिथे एक उतार केलेला. कडक जमीन. प्रत्येक ट्रकने त्या एकाच उतारावरून एकच उडी घ्यायची, ओळीने, मग दुसरी फेरी, मग तिसरी. किती फेऱ्या, असं मी सहज विचारलं. श्वेता मॅडम म्हणाल्या, "तीस!"

तीस. मी साहेबांना शोधायला लागलो, तर साहेब माइकवर! कॉमेंट्री करतायत! दहावी फेरी, सगळे मस्त. पंधरावी, टाळ्या. विसावी, साडीवाला घाटकोपरचा नाचतोय. लोक येऊन माझा हात हलवतायत, काका मानलं तुम्हाला, काय माल बनवलाय! आणि मी एकटा मनातल्या मनात मोजतोय. तेवीस... चोवीस...

पंचविसावी. पहिला ट्रक उडाला, खाली आला. कट्. बंपर दोन तुकडे. "अरेरे, बॅड लक!" साहेब माइकवर. दुसरा. कट्. "अरे, यांचाही..." तिसरा. कट्. चौथा. कट्. आता माइकवरचा आवाज बंद झाला. मग नुसतं आपलं कट्, कट्, कट्, एकामागून एक, एकाच जागी, एकाच रेषेत, आणि तुम्हाला सांगतो... आता चारचौघांत सांगू नये, पण सांगतो... मला आतून एवढं बरं वाटायला लागलं! अहो सतरा! सतराच्या सतरा पंचविसाव्या उडीला! एवढा नेमका माल मी पंपवाल्यांना पण कधी दिला नव्हता! मोठे साहेब पाहिजे होते! अठरावा फक्त टिकला, तो सव्विसाव्या उडीला मोडला. तो भीमराजनं केला होता.

आणि इथे माझी वाट लागली. सगळे मोडक्या बंपरांकडे बघतायत, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. मोठ्याने. अभिमानाने. "बघा साहेब, एकसुद्धा रिजेक्शन नाही!"

संपलं.

श्वेता मॅडमनी दोन तुकडे उचलले, दोन वेगवेगळ्या ट्रकचे, एकमेकांना लावून बघितले. तंतोतंत. डेंटिस्ट बाई, त्यांना तुटल्याची भाषा आमच्याहून जास्त कळते. एकदम शांतपणे म्हणाल्या, "काका, हे तुम्ही ठरवून केलंय?" मी काय म्हणणार? चुकून झालं म्हणू? सतरा जॉब एका मापाचे, आणि चुकून? एकतीस वर्षांची मेहनत अशी पाण्यात घालू? म्हटलं, "हो मॅडम, ठरवून. पंचवीस."

तो साडीवाला काय बोलला ते मी इथे सांगत नाही, समोर बायका आहेत. बाकीचे म्हणाले, आमचे जुने आम्हाला परत द्या. जुने! भंगारात गेलेले, वितळून एव्हाना कुणाच्या तरी खिडकीची फ्रेम झालेले! परत येताना, मार्व्याला बोटीतून उतरताना सुयोगसाहेब म्हणाले, "काका, थोडं तरी इकडेतिकडे करायचं होतं हो. एक वीसला, एक तीसला." इकडेतिकडे! आधी म्हणे मोडत नाही, म्हणून मोडणारं करून दिलं, तर म्हणे सगळं एकाच वेळी मोडतं! आता ही काय तक्रार झाली? माणसाने करायचं काय?

पुढच्या महिन्यात गाळा कुरिअरवाल्यांनी घेतला. अट एकच, फरशी साफ पाहिजे, त्यांच्या गाड्या फिरतात आत. भंगारवाल्याची पोरं लेथ काढायला आली. त्याचे बोल्ट जमिनीत मी स्वतः भरलेले, एकतीस वर्षांपूर्वी, कामावर लागलो त्याच महिन्यात. तोडायचं मशीन लावलं, दिवसभर ठोकलं, लेथ हलेना, फरशीला मात्र भेगा पडायला लागल्या, कुरिअरवाला ओरडायला लागला. संध्याकाळी मला फोन. सुयोगसाहेब. "काका... ते तुम्हीच बसवलं होतं ना?"

गेलो. न जाऊन करतो काय? भीमराजला घेतलं. दीड दिवस लागला. एकेक नट तेल घालून सोडवला, घाई नाही केली. लेथ उचलून बाहेर दिला. बोल्ट जमिनीलगत कापले, वर सिमेंट भरलं, घासून लेव्हल केली, भेगासुद्धा बुजवून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मग तिथे खाली बसलो थोडा वेळ, आणि खरं सांगतो, रडलो. भीमराज तोंड फिरवून बिडी ओढत होता, बिडी त्याने पाच वर्षांपूर्वी सोडली होती.

कुरिअरवाल्यांचा मॅनेजर आला, हर्षद नावाचा. बूट फिरवला जमिनीवरून. परत फिरवला. म्हणाला, "काका, सुपर! इथे कधी मशीन होतं हे कळतसुद्धा नाही!"

बाजूच्या गाळ्याचा मालक दारात उभा राहून बघत होता. विचारतो, "काय हो, आमच्याकडेही दोन मशीनं काढायचीत. घेता का काम?"

म्हटलं, घेतो. घेतलं. ते बघून त्याच्या बाजूच्याने बोलावलं. मग मागच्या गल्लीतला. आता तुम्हाला सांगतो, अख्ख्या इस्टेटमध्ये माझ्याएवढा बिझी माणूस नाही, सात गाळे मोकळे केलेत आणि पुढच्या महिन्यात चार आहेत. एवढं काम एकतीस वर्षांत नव्हतं. काल भीमराजला विचारलं, अरे, हे गाळे संपले की मग काय करायचं आपण?

म्हणतो, "मग अंबरनाथची इस्टेट आहे, भाऊ."